पोरींच्या बुटांसाठी जुगार? मला चालणार नाही

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगते. 31 वर्षं मैदानावर ओरडण्यात गेली, थोडक्यात बोलायची सवयच राहिली नाही.

नव्या लोकांसाठी ओळख. आम्ही बेळगावातल्या वडगावचे, चौथी पिढी. आजोबा हातमागावर लुगडी विणायचे, वडिलांची हयात पॉवरलूमच्या खडखडाटात गेली, आणि मी मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवली. खो-खो, कबड्डी, धावणं. माझ्या हाताखालच्या मोजून चार मुली राज्याच्या संघात गेल्या. बाकीच्या शेकडो कुठं कुठं संसार करतायत आणि खडेबाजारात भेटल्या की अजून 'बाई' म्हणून ताठ उभ्या राहतात.

आता मुद्दा. तुळशीच्या लग्नाच्या दिवसांत आपल्या पोरींनी वर्ल्ड कप जिंकला. 2 नोव्हेंबर 2025, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, दक्षिण आफ्रिकेवर 52 धावांनी. मी टीव्हीसमोर रडले, ते काय लपवायचं. माझा भाचा बेंगळुरूहून सुट्टीला आला होता, तोही नाचला. आणि दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "आत्या, ह्या लाटेवर सरकारनं एक काम करावं. ऑगस्टमध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांवर जी बंदी घातली ती थोडी सैल करावी. दोन वर्षं ट्रायल म्हणून क्रिकेटवर अधिकृत बेटिंग चालू करावं, आणि त्याचा कर थेट महिलांच्या खेळाला द्यावा. लोक खेळतातच की. निदान पोरींना तरी मिळेल."

वरवर ऐकलं तर चांगलं वाटतं. आमच्या घरातल्या दोघातिघांनी माना डोलावल्या. नंतर एका लग्नात हेच कानावर आलं, मग एका निवृत्त बँक मॅनेजरकडून, मग इंदूरच्या एका विहीणबाईंकडून फोनवर. म्हणजे ही कल्पना हवेत आहे. म्हणून लिहिते. भाचा शहाणा आहे, माझा लाडका आहे, आणि ह्या बाबतीत साफ चुकतोय.

कायदा काय आहे ते आधी बघू. 20 ऑगस्ट 2025 ला लोकसभेत, 21 ला राज्यसभेत, 22 ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवले तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात केली तर दोन वर्षं आणि पन्नास लाख. कंपन्या कोर्टात गेल्यात, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, पुढं काय व्हायचं ते होईल. त्या वेळी सरकारी अंदाज आला होता की देशातले 45 कोटी लोक ह्या खेळांत वर्षाला सुमारे 20 हजार कोटी रुपये घालवतात. घालवतात हा शब्द नीट वाचा. तो पैसा आकाशातून पडत नाही, कुणाच्या तरी घरातून जातो.

कुणाच्या, ते मी बघितलंय. मोबाइल यायच्या आधी आमच्याकडं मटका होता, आणि माझ्या पिढीला तो वेगळा समजावून सांगायची गरज नाही. मूळ मुंबईचं. न्यूयॉर्कचे कापसाचे भाव तारेनं यायचे, त्यावर आकडा लागायचा. ते भाव बंद झाल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या काढायला लागले, म्हणून नाव मटका. ओपन, क्लोज, सिंगल, जोडी, पाना. सिंगलचा हिशोब मी दहावीच्या मुलींना एकदा गणितात घालून दाखवला होता (मुख्याध्यापिका रागावल्या, ते जाऊ दे). आकडे दहा. एक रुपयाला मिळणार नऊ. म्हणजे दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावलात तर दहा जाणार आणि नऊ येणार. रोज. जोडीत शंभराला नव्वद. खेळणारा हुशार असो की बावळट, दहातला एक रुपया तिकडं राहणारच. आताचं मोबाइलवरचं काचेसारखं चकचकीत प्रकरण आतून ह्याहून फार निराळं नाही. घर चालवणाऱ्याला त्याचा वाटा मिळाल्याशिवाय ते चालतच नाही.

1990 नंतरची गोष्ट असेल. आठवीत एक मुलगी होती, नाव सांगत नाही. पळताना पाय जमिनीला टेकतात की नाही असं वाटावं अशी. खांबाला डाइव्ह मारायची तर समोरच्या संघाच्या बाई मला विचारायच्या, "कुठून आणलीत हो?" विभागीय स्पर्धा धारवाडला होत्या. एसटीचं भाडं आणि एका रात्रीचं जेवण मिळून प्रत्येकीनं चाळीस रुपये आणायचे ठरले. हिच्या आईनं विडीच्या पैशांतून बाजूला काढून डब्यात ठेवले होते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी ते डब्यात नव्हते. चहाच्या गाड्यामागं चिठ्ठी घेणारा बसायचा, तिकडं गेले होते, बापाच्या हातून. चाळीस रुपये मी घातले असते, घालायलाही निघाले होते. पण पोरगी आलीच नाही. आई म्हणाली, "बाई, तिला आज लाज वाटतीया." पुढच्या वर्षी तिचं नाव पटावर नव्हतं.

आता भाच्याची योजना ह्या घरात लावून बघा. बाप चाळीस रुपये बेटिंगला घालवणार. त्यातला एखादा रुपया कर म्हणून सरकारकडं जाणार. सरकार त्यातले काही पैसे खेळखात्याला देणार. खेळखातं टेंडर काढणार. आणि दोन वर्षांनी त्याच पोरीला एक जोडी बूट मिळणार, त्यावर योजनेचं नाव छापलेलं. आणि आपण टाळ्या वाजवायच्या! आईच्या डब्यातले पैसे डब्यातच राहिले असते तर बूट त्याच आठवड्यात आले असते.

थोडं गणित आणखी. समजा मुलींच्या खेळासाठी 100 कोटी उभे करायचे आणि लावलेल्या प्रत्येक रुपयावर एक टक्का उपकर. तर आधी 10 हजार कोटींचे डाव लागले पाहिजेत. 200 कोटी पाहिजेत? मग 20 हजार कोटींचे. म्हणजे मुलींचा निधी वाढायचा तर लोकांनी जास्त जुगार खेळायला हवा. उद्या एखाद्या मंत्र्यानं सांगितलं की लोक शहाणे झाले, बेटिंग निम्म्यावर आलं, तर आपण आनंद मानायचा की पोरींचा डाएट अलाउन्स गेला म्हणून रडायचं? असा निधी कुणी बांधून दिला तर तो पोरींच्या गळ्यात बांधलेला लोढणाच म्हणायचा.

भाचा म्हणाला, "इंग्लंडनं केलंच की." केलं, आणि ते मी नाकारणार नाही. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला एकच सुवर्ण मिळालं, पदकतक्त्यात 36 वा नंबर. त्याआधी 1994 मध्ये तिथं राष्ट्रीय लॉटरी सुरू झाली होती, नंतर तिचा पैसा ठरवून खेळाडूंवर लावला गेला. 2012 ला लंडनमध्ये 29 सुवर्णं. 2016 ला रिओत त्यांच्या मुलींनी हॉकीचं सुवर्ण जिंकलं. हे खोटं नाही. पण त्याच्यापुढचं पान भाच्यानं वाचलेलं नव्हतं. 2016-17 ह्या एका वर्षात त्या लॉटरीतून चांगल्या कामांना जाणारा पैसा सुमारे 15 टक्क्यांनी घटला, कारण लोकांनी तिकिटं कमी घेतली. मग सरकारला पुढं यावं लागलं आणि खेळाडूंना सांगावं लागलं की कमी पडलं तर आम्ही भरू. शेवटी भरवसा सरकारच्या तिजोरीचाच! शिवाय आठवड्याला एक तिकीट काढणं आणि खिशातल्या मोबाइलवर प्रत्येक चेंडूला पैसे लावणं ह्यात गावाची जत्रा आणि रोजची दारू एवढा फरक आहे.

इंग्लंडचंच आणखी एक सांगते, कारण हे मला फार लागलं. 26 डिसेंबर 1920 ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर मुलींचा फुटबॉल सामना झाला. प्रेस्टनच्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलींचा संघ. 53 हजार माणसं बघायला. सामना धर्मादाय कामासाठी, भरपूर पैसा जमला. आणि पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1921 मध्ये, तिथल्या फुटबॉल संघटनेनं ठरवलं की मुलींना आपल्या क्लबांच्या मैदानांवर खेळू द्यायचं नाही. ती बंदी पन्नास वर्षं टिकली. म्हणजे गर्दी होती, तिकिटं खपत होती, पैसा होता. फक्त मैदानाचं फाटक बंद केलं. महिलांचा खेळ पैशावाचून मेला असं जो सांगतो त्याला ही गोष्ट ऐकवा. फाटक कोण बंद करतं ते आधी बघायचं.

आता 'ट्रायल' हा शब्द. आम्ही खेळातली माणसं, आमच्याकडं ट्रायल म्हणजे निवड चाचणी. नाही जमलं तर संध्याकाळच्या गाडीनं घरी. सरकारी ट्रायल कधी घरी गेलेली बघितलीय का कुणी?

गोव्याच्या मंडळींनी राग मानू नये, तुमच्यातलेच लोक हे आमच्यापेक्षा जास्त पोटतिडकीनं बोलतात. गोव्याचा मूळ कायदा 1976 चा, सार्वजनिक जुगार बंद करणारा. 1992 मध्ये दुरुस्ती झाली, पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचा जुगार चालेल. 1996 मध्ये आणखी एक, पाण्यातल्या बोटींवर चालेल. मग मांडवीत बोटी आल्या. त्या मांडवीतून हलवायच्या हे किती सरकारांनी सांगितलं, आणि दर सहा महिन्यांनी मुदतवाढ किती वेळा दिली, ते पणजीकरांना तोंडपाठ आहे. 1 फेब्रुवारी 2020 पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत जायला बंदी झाली. म्हणजे सरकारलाच ठाऊक आहे की ही वस्तू आपल्या पोरांच्या जवळ नको. दुसऱ्याची पोरं आली तर चालतात.

ती दुसऱ्याची पोरं म्हणजे आमची. चोर्ल्याच्या घाटानं गेलं की पणजी तीन तासांच्या आत. शनिवारी दुपारी गाड्या भरून जातात, रविवारी रात्री निम्म्या गप्प बसून येतात. आमच्या गल्लीत एका घरातले दोन पॉवरलूम ह्या घाटानं खाली उतरले आणि परत वर आले नाहीत. त्या घरात एक मुलगी आहे, कबड्डीत चांगली होती. आता एका दुकानात कामाला जाते. तिच्यासाठी कुठल्या निधीत किती टक्के ठेवणार, सांगा की मला.

लॉटरीचंही तेच. महाराष्ट्रानं 1969 मध्ये राज्य लॉटरी काढली तेव्हा हेतू काय सांगितला होता? लोक मटक्याच्या नादी लागू नयेत म्हणून. मटका गेला नाही. लॉटरी शिल्लक, मटकाही शिल्लक. आमच्या कर्नाटकानं 2007 मध्ये लॉटरीच बंद करून टाकली. त्यामुळं ह्या राज्यातला खेळ बुडाला असं मला तरी मैदानावर कुठं दिसलं नाही. मैदानं होती तेवढीच वाईट राहिली.

"पण आत्या, पैसा फक्त महिलांच्या खेळालाच जाईल असं कायद्यात लिहायचं ना." बाळा, लिहिलेलं खूप असतं. 2013 मध्ये दिल्लीच्या त्या भयंकर प्रकारानंतर 1000 कोटींचा निर्भया निधी काढला, बायकांच्या सुरक्षेसाठी. पहिली काही वर्षं त्यातला बराचसा पैसा नुसता पडून होता. आणि उपकरांचं म्हणाल तर कॅगनंच 2018-19 च्या हिशोबात दाखवलंय, वेगवेगळ्या उपकरांतून सुमारे 2 लाख 74 हजार कोटी आले आणि ज्या निधींसाठी ते घेतले त्यांत वळते झाले सुमारे 1 लाख 64 हजार कोटी. बाकीचे सरकारच्या सामान्य तिजोरीतच राहिले. बायकांच्या नावानं पैसा गोळा करणं सोपं आहे. तो बायकांपर्यंत पोचवायला कुणाला घाई नसते.

आणि हे नाव वापरणं, ह्याचाच मला खरा राग आहे. दारूच्या दुकानाला देवाचं नाव देतात तसं. उद्या बेटिंगवर कुणी बोट उचललं की उत्तर तयार: "तुम्हाला मुलींचा खेळ बंद पाडायचाय का?" ऑस्ट्रेलियात 2023 मध्ये खासदारांच्या समितीनं सांगितलं की जुगाराच्या जाहिराती तीन वर्षांत टप्प्याटप्प्यानं बंद करा. तर तिथल्या मोठमोठ्या खेळसंस्था लगेच म्हणायला लागल्या, मग तळातल्या खेळाला पैसा कुठून येणार? म्हणजे ढाल कोण, तर लहान पोरं आणि पोरी. द्यूताचा विषय निघाला की आपल्याकडं कुणीतरी हमखास म्हणतं, धर्मराजही खेळला होता. खेळला होता ना. पणाला काय लावलं होतं, तेही सांगा मग.

एक गोष्ट मात्र भाच्याच्या डोक्यातही आली नव्हती. बेटिंग अधिकृत झालं की ते फक्त मोठ्या सामन्यांवर थांबत नाही. मुलींच्या राज्य पातळीच्या सामन्यांवरही डाव लागणार. तिथं पोरींना मिळतं किती? त्या मुलीला कुणी येऊन म्हणालं, एक चेंडू वाइड टाक, तुझ्या घराचं कर्ज फिटेल, तर? ही माझी कल्पना नाही. आयसीसीनं फेब्रुवारी 2025 मध्ये बांगलादेशच्या एका महिला खेळाडूवर पाच वर्षांची बंदी घातली, 2023 च्या महिला टी-20 वर्ल्ड कपमध्ये स्वतःच्याच देशाच्या खेळाडूला हिट विकेट होण्यासाठी पैसे देऊ केले म्हणून. भ्रष्टाचारासाठी बंदी आलेली ती पहिली महिला खेळाडू. बुकी मुलींच्या दारापर्यंत आलेला आहे, आणि आपण त्याला चहाला आत बोलवायचं म्हणतोय.

बरं, जुगाराचा पैसा गेला की खेळ मरतो, हे तरी खरं का? ड्रीम इलेव्हन भारतीय संघाच्या जर्सीवर होती, 358 कोटींचा करार. कायदा आला, कंपनी गेली. महिनाभरात अपोलो टायर्सवाले आले, 579 कोटी. टायर विकणारी कंपनी! विषय संपला.

मुलींच्या क्रिकेटचं पाणी कुठून आलं तेही आठवा. 1970 च्या दशकात आपल्या मुली बिनारिझर्वेशनच्या डब्यातून सामन्याला जायच्या, शाळांच्या हॉलमध्ये जमिनीवर झोपायच्या. 2005 मध्ये वर्ल्ड कपच्या फायनलला गेलेल्या संघाला सामन्यामागं हजार रुपये मिळाले, हे मिताली राजनं स्वतः सांगितलंय. त्या काळात त्यांना जगवलं कुणी? रेल्वेनं. डायना एडलजी रेल्वेत, मिताली रेल्वेत, हॉकीच्या कितीतरी मुली रेल्वेत. नोकरी, महिन्याचा पगार, सरावाला सुट्टी, म्हातारपणी पेन्शन. मुलीच्या बापाला सांगता येतं, "खेळतीया, पण रेल्वेत चिकटलीया." त्या एका वाक्यानं किती लग्नं चार-पाच वर्षं पुढं ढकलली गेली असतील, ह्याचा हिशोब कुठल्या अहवालात सापडणार नाही. मी मात्र त्यातल्या दोन लग्नांच्या बोलण्याला स्वतः बसले होते.

नंतर 2006 मध्ये महिला क्रिकेट बीसीसीआयकडं आलं, 2022 मध्ये सामन्याचं मानधन पुरुषांएवढं झालं, 2023 मध्ये महिलांच्या लीगचे पाच संघ 4669 कोटींहून जास्त किमतीला गेले. लोकांना बघायचंय म्हणून पैसा आला. आणि बघायला मिळालं म्हणून लोकांना बघावंसं वाटलं. क्रिकेट सोडून बोलायचं तर जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला. आपल्या मुलींनी फायनलला नेपाळला 78-40 नं हरवलं, कप्तान प्रियांका इंगळे. माझ्या खो-खोचा वर्ल्ड कप! पण हे पुढचं कितीजणांच्या घरात त्या रात्री टीव्हीवर लागलं होतं? विचारत नाही, मला उत्तर माहीत आहे.

इथं मी आपल्याच लोकांवर येते. नाराज झालात तरी चालेल.

आपल्या समाजाला खेळासाठी पैसा उभा करता येत नाही असं कुणी म्हणू नये. बेळगाव परिसरात गावोगाव जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो. कोल्हापूर-सांगलीचे मल्ल येतात, शेवटच्या कुस्तीचं इनाम ऐकून डोळे विस्फारतात. तो पैसा कुठल्या जुगाराच्या कराचा? वर्गणीचा. घरटी वर्गणी, दुकानामागं वर्गणी, परदेशातल्या पोरांनी पाठवलेली वर्गणी. गणपतीचं मंडळ घ्या, शिवजयंतीची मिरवणूक घ्या, पावतीपुस्तक घेऊन पोरं दारात उभी राहिली की कोण नाही म्हणतं? मग 31 वर्षांत मुलींच्या खो-खोसाठी पावतीपुस्तक घेऊन मी किती दारांत गेले आणि काय ऐकलं, ते सांगू? "बाई, मुलींचं काय, दोन वर्षांत लग्न होऊन जाणार." "बाई, मुलांचा संघ असता तर बघितलं असतं." एका सधन घरात अकरा रुपये मिळाले, सुटे. त्याच घरानं त्याच वर्षी मंडपाची रोषणाई दिली होती.

म्हणून मी म्हणते, बेटिंगच्या करातून मुलींचा खेळ चालवायची ही जी हौस आली आहे, तिचं मूळ मुलींच्या प्रेमात नाही. आपल्या खिशातून द्यायचं नाही, नगरसेवकाला, आमदाराला मैदानाचं विचारायचं नाही, मग दुसऱ्या कुणाच्या तरी, आणि तेही हरलेल्या माणसाच्या खिशातून परस्पर जाऊ दे. आपले हात स्वच्छ आणि मुलींचं भलंही झालं!

मुलींना लागतं काय, ते मला विचारा. फार लागत नाही, पण नेमानं लागतं. घरापासून चालत जाता येईल असं मैदान. मुरूम टाकून, पाणी मारून, फक्कीनं आखलेलं. त्याला लागून एक संडास, कडी लागणारा, पाणी असलेला. हसू नका. ह्या एका गोष्टीपायी नववी-दहावीत किती मुलींनी सराव सोडला हे मी जवळून बघितलंय, त्या चार दिवसांत तीन तास मैदानावर काढणार कशा? अंधार पडायच्या आत घरी सोडायला कुणीतरी. दोन उकडलेली अंडी नाहीतर शेंगदाण्याची चिक्की. शिकवायला एक बाई, पूर्ण पगाराची, मानधनावरची नाही. आणि पुढं नोकरीचा रस्ता: रेल्वे, पोलीस, बँक, वीज मंडळ, खेळाडूंच्या कोट्यातल्या जागा वेळेवर भरल्या तरी निम्मं काम झालं. ह्यातलं काय असं आहे की ज्याला जुगारावाचून पैसा मिळत नाही? केंद्राचं 2025-26 चं खेळाचं बजेट 3794 कोटींचं होतं, त्यात खेलो इंडियाला 1000 कोटी. त्यातले मुलींना किती, तालुक्याला किती, हे विचारणारे आपण किती? कंपनी कायद्यात नफ्याचे दोन टक्के समाजकामाला द्यायचे आहेत, आणि त्या यादीत ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्या ग्रुपात कारखानदार आहेत, फौंड्रीवाले आहेत, दोघे-तिघे मोठ्या कंपन्यांत वरच्या खुर्चीवर आहेत. बडोद्याचे आहेत, हैदराबादचे आहेत. एकानं तरी आपल्या ऑफिसात हा कागद पुढं सरकवलाय का?

भाच्याला हे सगळं मी त्या दिवशी एवढ्या ओळीत सांगितलं नव्हतं, तोंडी भांडणात असं कुठं जमतं. तो म्हणाला, "आत्या, तू भावनेवर बोलतेस." मी म्हटलं, नऊला दहाचा हिशोब ही भावना नाही. त्यावर तो म्हणाला, बघू. त्याच्या भाषेत 'बघू' म्हणजे काय ते त्याच्या बायकोला विचारा.

आमच्या गल्लीत दसऱ्यापासून आम्ही पाच बायकांनी सुरुवात केलीय. घरटी महिन्याला शंभर रुपये, 38 घरं झालीत. रोज संध्याकाळी साडेचार ते सहा, 22 मुली येतात, त्यातल्या सहा मुसलमान घरांतल्या आणि चार कानडी बोलणाऱ्या. खो म्हणायला भाषा लागत नाही. अंडी-केळी त्यात भागतात. बूट भागत नाहीत. ज्यांना द्यायचे त्यांनी पैसे नकोत, बूटच पाठवा, साइज 4 आणि 5 जास्त लागतात, दोन मुलींना 3. जुने नकोत. जुन्या बुटांचा तळ घासलेला असतो आणि खांबापाशी वळताना पाय सरकतो.